वॉज-वेअर मधला र : प्रकल्प नोंदी

४ जून

आजपासून नोंदी इथेच ठेवणार, नाहीतर कुठे काय वाचलं ते शोधण्यातच वेळ जातो. काम काय ते आधी लिहून ठेवते. आय वॉज पण दे वेअर, हे आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेलं आहे आणि कुणी का म्हणून विचारलं तर "इर्रेग्युलर आहे, पाठ करा" एवढंच उत्तर मिळतं. मला या एका जोडीवर मराठीत एक नीट पान करायचंय, सोबत एक शीट ज्यात गॉथिक (इंग्रजी-जर्मनची एक जुनी, आता मेलेली नातलग भाषा), जुनी इंग्रजी, नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा), जर्मन, डच आणि संस्कृत अशी रूपं शेजारी शेजारी दिसतील, आणि जमलं तर थोडा ऑडिओ. वाचणारे म्हणजे इंग्रजी शिकवणारे मराठी शिक्षक आणि ज्यांनी संस्कृत थोडंफार केलंय असे लोक. त्यांच्या हातात अर्धं उत्तर आधीपासूनच आहे, फक्त ते इंग्रजीशी जोडून कुणी दाखवलेलं नसतं.

जुन्या इंग्रजीतली, म्हणजे साधारण हजार-अकराशे वर्षांपूर्वीची, रूपं आज शीटमध्ये भरली. मूळ धातू वेसन. इच वॅस, थू वॅऽरे, हे वॅस (मी, तू, तो), आणि अनेकवचनी सगळीकडे वॅऽरोन. देवनागरीत लिहायला ॲ आणि ॅ फारच उपयोगी पडतात, त्या भाषेतला तो स्वर अगदी तोच आहे. आणखी एक, आज वॉज म्हणताना शेवटी ज ऐकू येतो पण तो पुढच्या काळातला बदल, जुना उच्चार स्वच्छ स चा होता आणि स्पेलिंगमध्ये तो अजून आहे. म्हणजे प्रश्न असा की स चा र कुठून आला, आणि आला तर अनेकवचनातच का.

७ जून

एक ओळ दोन भाषांत शेजारी ठेवली आणि तासभर तिच्याकडेच बघत बसले. बायबलमधली, लूकच्या दुसऱ्या अध्यायातली आठवी ओळ, त्या भागात मेंढपाळ होते अशी. गॉथिक भाषांतर वुल्फिला नावाच्या बिशपचं, चौथ्या शतकातलं, आणि त्याची सगळ्यात प्रसिद्ध प्रत म्हणजे स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात असलेली जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईत लिहिलेली पोथी. त्यात आहे: "यह हेर्द्योस वेसुन इन थम्मा समिन लंदा". जुन्या इंग्रजीत तीच ओळ: "अँड हिर्दस वॅऽरोन ऑन थाम इल्कन रीचे". हेर्द्योस आणि हिर्दस म्हणजे मेंढपाळ, इंग्रजी शेफर्ड मधला हर्ड तो हाच. आणि समिन म्हणजे "त्याच", आपला सम.

आता क्रियापद बघा. गॉथिकमध्ये वेसुन, इंग्रजीत वॅऽरोन. एकच शब्द, एकच अर्थ "होते", पण गॉथिकमध्ये स आणि इंग्रजीत र. गॉथिकचं एकवचन वस, म्हणजे तिथे दोन्हीकडे स च आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की गॉथिक जुनी, म्हणून तिच्यात मूळ स टिकला आणि इंग्रजीने तो बिघडवला. पण मग इंग्रजीने वॅस मधला स का सोडला? बिघडायचं तर दोन्ही बिघडायला हवे होते.

र कसा येतो हा भाग सोपा आहे. मधली पायरी झ ची आहे. गॉथिकमध्ये मैझा तिथे इंग्रजीत मोअर, बतिझा तिथे बेटर, हुझ्द तिथे होर्ड म्हणजे साठा. गॉथिकमध्ये झ तसाच राहिला, इंग्रजी-जर्मन-नॉर्स बाजूला त्याचा र झाला. लॅटिनमध्येही असंच स्वतंत्रपणे घडलंय, होनोस चं होनोरिस होतं. म्हणजे वॅऽरोन च्या मागे कधीतरी वेझुन असं रूप होतं, आणि आपला खरा प्रश्न उरतो तो असा की वस मध्ये स राहिला आणि वेझुन मध्ये त्याचा झ कुणी केला.

८ जून

संस्कृतचा कॉलम. धातू वस्, राहणे. वसति, वस्ती, वसणं, वसतिगृह, निवास, सगळं त्यातलंच. हित्ती भाषेत हुइश म्हणजे जगणे, तोही याच घरातला धरतात. जर्मानिक भाषांनी, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, नॉर्स, गॉथिक या कुटुंबाने, या "राहणे" चं हळूहळू "असणे" करून टाकलं आणि त्यातला भूतकाळ "होता" म्हणून वापरायला घेतला. म्हणजे आपला उपवास आणि इंग्रजांचा वॉज एका धातूचे आहेत, हे मला पानावर ठळक टाकायचंय कारण वाचणारा तिथे थांबणारच.

आता मुख्य गोष्ट. जर्मानिक भूतकाळ हा जुन्या परोक्षभूताचा, म्हणजे आपल्या लिट् चा वारस आहे. आणि वस् चा लिट् ज्यांनी संस्कृत घोकलंय त्यांना झोपेत येतो, उवास ऊषतुः ऊषुः. एकवचनात धातू भरभक्कम आहे, वास असा मोठा स्वर घेऊन, आणि अनेकवचनात तो आक्रसून ऊष एवढाच उरतो. पाणिनीने हे दोन सूत्रांत बांधलंय, असंयोगाल्लिट् कित् आणि वचिस्वपियजादीनां किति, म्हणजे एकवचनी प्रत्यय सोडून लिट् चे बाकीचे प्रत्यय कित् (क् ची खूण असलेले) धरायचे आणि कित् पुढे आला की या धातूंना संप्रसारण, म्हणजे इथे व चा उ. त्याला जर्मानिक भाषा माहीत असण्याचा प्रश्नच नाही, पण त्याने जिथे रेघ मारली, एकवचन एकीकडे आणि बाकीचं दुसरीकडे, बरोबर त्याच रेघेवर इंग्रजीचं वॉज आणि वेअर तुटतं! हे दिसलं तेव्हा मला इतका आनंद झाला की लगेच ग्रुपवर टाकलं.

जाता जाता, पर्युषित मधलं उषित पण हेच. गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहारात "पूति पर्युषितं च यत्" आहे ना, शिळं, म्हणजे रात्रभर राहिलेलं.

१२ जून

उत्तराचा दिवस. हे ज्याने सोडवलं त्या माणसाबद्दल मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जर्मन पंडित याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नियम मांडला (त्याच्या आधी १८१८ मध्ये रास्मुस रास्क बऱ्याच अंशी तिथे पोचला होता) की संस्कृत आणि इंग्रजी दोन्हींच्या मूळ भाषेतले प त क हे जर्मानिकमध्ये फ थ ह होतात. त्रयः तिथे थ्री, पितृ तिथे फादर. नियम सुंदर चालतो पण अपवाद भरपूर. भ्रातृ मधल्या त चा जुन्या इंग्रजीत नियमाप्रमाणे थ, ब्रोथोर. पितृ मध्येही तसाच त, पण जुन्या इंग्रजीत फॅदेर, द. (आजच्या फादर मधला थ सारखा उच्चार खूप नंतर आलाय, त्याने फसू नका. जर्मनमध्ये फरक अजून दिसतो, फाटर मध्ये ट आणि ब्रूडर मध्ये ड.) आई पण बापासारखीच, मोदोर. एकाच घरातली माणसं, त एकच, आणि भाऊ एका रांगेत, आईबाप दुसऱ्या. पन्नासेक वर्षं मोठमोठे पंडित यावर अडून होते.

कार्ल वर्नर, डेन्मार्कमधल्या ऑर्हूसचा, जन्म १८४६. त्याने पुढे सांगितलेली हकिगत अशी की एका दुपारी बरं वाटत नव्हतं, जरा पडावं म्हणून झोप आणणारं पुस्तक शोधलं आणि हाताला लागलं बॉप या जर्मन पंडिताचं तुलनात्मक व्याकरण. पान उघडलं तर संस्कृत पितृ आणि भ्रातृ हे शब्द डोळ्यांत भरले, आणि त्यांच्यावरच्या स्वराघाताच्या खुणा. पितर् मध्ये आघात शेवटी, भ्रातर् मध्ये सुरुवातीला. झालं, कुलूप उघडलं. नियम असा की आघात लगेच आधीच्या अक्षरावर असेल तर फ थ ह स हे कठोर राहतात, तिथे नसेल तर ते मृदू होतात, थ चा पुढे द आणि स चा झ. भ्रातर् मध्ये आघात त च्या लगेच आधी म्हणून थ टिकला. पितर् आणि मातर् मध्ये आघात त च्या नंतर, म्हणून द. लेख १८७५ चा, छापून आला १८७७ मध्ये. नंतर जर्मानिक भाषांनी सगळा आघात शब्दाच्या सुरुवातीला नेऊन बसवला आणि मूळ कारण त्यांच्याकडून पुसलं गेलं, परिणाम तेवढा उरला.

आता हेच वॉज-वेअर ला लावा. परोक्षभूतात एकवचनी आघात धातूवर, अनेकवचनी प्रत्ययावर. वस मध्ये स च्या लगेच आधी आघात, स टिकला. वेझुन मध्ये आघात उन वर गेला, स चा झ, झ चा र. वेअर मधला र म्हणजे इंग्रजीने कधीच हरवलेल्या एका उदात्ताची, म्हणजे वेदातल्या त्या आघाताची, खूण आहे, आणि तो उदात्त कुठे होता हे सांगणारा सगळ्यात भरवशाचा साक्षीदार वेदपाठ. ग्रीकची साक्ष पण आहेच, तिथेही पतेर चा आघात शेवटी, पण क्रियापदांच्या बाबतीत ग्रीकने आघात मागे ओढून घेतला त्यामुळे तिथे वैदिकचंच ऐकावं लागतं.

योगायोग म्हणून एक, त्याच १८७७ साली मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानं देत होते, संस्कृतपासून मराठी-हिंदीपर्यंतचा ध्वनींचा प्रवास सांगत. दोघं एकमेकांना ओळखत असतील असं मी म्हणत नाही, पण हा विषय तेव्हा आपल्याकडेही त्याच तयारीने चालू होता.

१३ जून

फक्त टायपिंग. अनुदात्ताची (उदात्ताआधीचा खालचा सूर) आडवी रेघ खाली आणि स्वरिताची (उदात्तानंतरचा सूर) उभी रेघ वर, दोन्ही युनिकोडमध्ये आहेत पण काही फॉन्टमध्ये रेघ बाजूला सरकते. दोन फॉन्ट बदलून बघितले, एकात नीट बसतंय. तोच ठेवते.

१६ जून

आघात पुरावा म्हणून दाखवायचा तर खुणांसकट मंत्र हवा, आणि इथे एक अडचण आहे जी पानावर सांगितलीच पाहिजे. वेदात मुख्य वाक्यातलं क्रियापद दुसऱ्या एखाद्या शब्दानंतर आलं की त्याचा आघातच जातो, पाणिनीचं तिङ्ङतिङः. म्हणजे कुठलाही मंत्र उचलून चालत नाही, हि किंवा यद्-यत्र असलेलं वाक्य शोधावं लागतं कारण तिथे क्रियापद आपला आघात राखतं. वस् च्या ऐवजी कृ घेतला, लिट् तोच. एकवचन ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या चोविसाव्या सूक्तात, "उ॒रुं हि राजा॒ वरु॑णश्च॒कार॒". अनेकवचन सातव्या मंडलात त्रेसष्टाव्या सूक्तात, "यत्रा॑ च॒क्रुर॒मृता॑". दोन्हीत च च्या खाली रेघ आहे, म्हणजे खालचा सूर, आणि उदात्ताला खूण नसते म्हणून पुढचं अक्षर उदात्त. पण चकार मध्ये तो उदात्त 'का' या अक्षरावर आहे, म्हणजे धातूवर, आणि चक्रुः मध्ये धातूचा स्वरच गळून गेलाय, उदात्त उः वर बसलाय, म्हणजे प्रत्ययावर. वॉज आणि वेअर यांचा सांगाडा हा असा ऋग्वेदात उघडा दिसतो.

२१ जून

रेकॉर्डिंग झालं. आमच्या ओळखीतले एक ऋग्वेदी गुरुजी आहेत, त्यांना आधी फोनवर सगळं सांगितलं होतं, इंग्रजीसाठी वेद कशाला हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, म्हणाले "ताई, स्वर बरोबर पाहिजे ना, मग घरी या, फोनवर नको". चार ओळी घेतल्या. चकार, चक्रुः च्या दोन, अस्यवामीय या ऋग्वेदातल्या सूक्ताच्या पहिल्या ऋचेतलं "तस्य॒ भ्राता॑ मध्य॒मो", आणि ऋग्वेदाच्या पहिल्याच अग्निसूक्ताची शेवटची ऋचा, "स नः॑ पि॒तेव॑ सू॒नवे".

पि॒तेव॑ त्यांनी मला तीनदा हळू म्हणून दाखवलं. 'पि' वर आवाज स्पष्ट खाली जातो, 'ते' या अक्षरावर मधल्या सुरात स्थिर, आणि 'व' या अक्षरावर चढतो. मी विचारलं की गुरुजी, उदात्त म्हणजे उच्च ना, उच्चैरुदात्तः, मग चढतो तो स्वरित कसा. ते म्हणाले सूत्र आहे तेच आहे, आमच्या म्हणण्यात आधी खाली जायचं, उदात्त सम ठेवायचा आणि नंतर उचलायचा, त्यामुळे उदात्त कुठला ते चुकत नाही. आणि ते खरंच आहे, आजच्या ऋग्वेदपाठात सगळ्यात उंच सूर स्वरिताचा असला तरी उदात्ताची जागा ढळत नाही, खालचा आणि वरचा यांच्या मध्ये तो पकडता येतो. वर्नरला छापील खूण पुरली, पण ती खूण छापता आली कारण कुणीतरी ती जागा पिढ्यानपिढ्या तोंडी सांभाळली. मला हे पानावर अगदी साध्या शब्दांत लिहायचंय, अभिमानाची भाषणं न करता, गुरुजींचा आवाज लावून.

सूनवे म्हणजे मुलासाठी, सूनु, इंग्रजी सन, जुन्या इंग्रजीत सुनु. एवढ्याशा तुकड्यात बाप आणि मुलगा दोघंही इंग्रजीचे नातलग निघाले.

२५ जून

बाकीची क्रियापदं. जुन्या इंग्रजीत अशी जोडी असलेली क्रियापदं बरीच होती आणि आजच्या इंग्रजीने बहुतेक सपाट करून टाकली. चूज चं जुनं रूप चेओसन, भूतकाळी एकवचन चेअस, अनेकवचन कुरोन, आणि कृदंत कोरेन, आज मात्र चोझन. फ्रीझ चंही तसंच, फ्रोरेन जाऊन फ्रोझन आलं. पण काही अवशेष राहिलेत आणि ते मला सगळ्यात आवडतात. लूज च्या घरातलं फॉरलॉर्न, म्हणजे पार हरवलेला, एकाकी, त्यातला र हाच. सीद म्हणजे उकळणे, त्याचं जुनं कृदंत सॉडन, आज नुसतं चिंब भिजलेला अशा अर्थाने उरलंय, थ आणि द ची जोडी. राइज आणि रिअर, उठणे आणि उठवणे, इथे दुसरं प्रयोजक आहे आणि संस्कृतातही प्रयोजकाचा आघात अय वर असतो, वर्धयति वगैरे, तेव्हा र यायलाच हवा. डेथ आणि डेड पण.

एक जोडी शीटमध्ये वरच्या रांगेत घेतली. वेओर्थन म्हणजे होणे, वेअर्थ आणि वुर्दोन, थ आणि द. हा आपला वृत्, वर्तते, वर्तमान, वर्तन. जर्मन वेर्डन तोच. इंग्रजीत हे क्रियापद मेलं, पण १६११ च्या बायबलमध्ये यहेज्केलच्या पुस्तकात "वो वर्थ द डे" आहे, त्या दिवसाचं वाईट होवो, तिथे वर्थ म्हणजे किंमत नव्हे, हेच क्रियापद.

२८ जून

डच आणि जर्मन. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या एका ताईंनी व्हॉइस नोट पाठवली, इक वस, वेइ वारन. म्हणजे डचने इंग्रजीसारखीच जोडी जपली आहे. त्यांच्या मुलीला शाळेत हे "असंच असतं" म्हणून शिकवलंय, तिला चकार-चक्रुः पाठवून दिलं. जर्मनने जुन्या काळी वस आणि वारुन ठेवलं होतं पण नंतर र सगळीकडे पसरवला, आज इष वार, वीर वारन. तरी कृदंत गेवेझन मध्ये जुना व्यंजन लपून राहिलाच, आणि वेझन हे नाम, सत्त्व, अस्तित्व या अर्थाचं. नॉर्समध्येही तसंच, जुन्या काव्यात वस, पुढे वर. म्हणजे गॉथिकने स कडे सपाट केलं, जर्मन-नॉर्सने र कडे, आणि इंग्रजी-डच मध्येच उभे राहिले. माझ्या मते ७ जूनच्या ओळीचं उत्तर हेच, गॉथिक शेकडो वर्षं जुनी असूनही या एका बाबतीत इंग्रजी तिच्यापेक्षा जास्त जुनं काहीतरी धरून बसलीय.

इंग्रजीतही सपाट करण्याचे प्रयत्न चालूच आहेत. यॉर्कशर-लँकाशर बाजूला आय वेअर, ही वेअर म्हणतात, लंडनकडे वी वॉज ऐकू येतं, आणि अठराव्या शतकात चांगले शिकलेले लोक एकट्या माणसाला यू वॉज लिहायचे.

२ जुलै

दोन गोष्टी राहिल्या होत्या, दोन्ही एकवचनातल्या र च्या.

पहिली, थू वॅऽरे. तू हे एकवचन, मग र कसा? गॉथिकमध्ये नियमाप्रमाणे वस्त आहे, संस्कृतातही एकवचनाला धातू भक्कमच राहतो. पण इंग्रजी-जर्मन शाखेने द्वितीयपुरुषी एकवचनाचं जुनं रूप टाकून दुसरीकडचं रूप आणून बसवलं, त्यामुळे तिथे र. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास दाऊ (थू चंच पुढचं रूप) वॉस्ट आणि दाऊ वर्ट अशी नवी रूपं तयार झाली आणि नंतर दाऊ च गेला, तो प्रश्न तिथेच मिटला.

दुसरी जास्त महत्त्वाची, कारण आपल्याकडे परीक्षेत हमखास येते. इफ आय वेअर यू. आय बरोबर वेअर का, तर व्याकरणाच्या पुस्तकात "कल्पनेतल्या गोष्टीसाठी अनेकवचन वापरतात" असं काहीतरी लिहिलेलं असतं. अनेकवचनाचा इथे काही संबंध नाही. हे वेगळंच रूप आहे, विध्यर्थाचं, जुन्या इंग्रजीत इच वॅऽरे, आणि अनेकवचनी वॅऽरेन. संस्कृतात विध्यर्थाचं चिन्ह 'या', स्यात् बघा, आणि उदात्त त्या 'या' वरच बसतो. आघात धातूच्या पुढे गेला की धातूच्या स चा झ आणि मग र, नियम तोच. म्हणजे मुलांना सांगायचं तर हे "असतो तर" मधलं रूप आहे, "होते" मधलं नाही, दोन्हीकडे र आला कारण दोन्हीकडे आघात धातूवर नव्हता. स्यात् चा थेट भाऊही जुन्या इंग्रजीत होता, सीए, आणि जर्मन झाय मध्ये तो अजून आहे.

शीटमध्ये विध्यर्थाचा वेगळा कॉलम टाकला. पानाचा मजकूर आता वेअर पासूनच सुरू करते, वॉज नंतर, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोक्यात पहिल्यापासून र चा प्रश्न राहील. गुरुजींचे चार ऑडिओ कापून जोडायचे, डच व्हॉइस नोट खाली लावायची आणि क्वोथ (म्हणाला) ची रांग, क्वॅथ-क्वॅऽदोन, ती तेवढी भरायची राहिलीय.